कारण दूर केले

सोमवार, ४ तारीख

आज रुजू झाले! शहराच्या बससेवेच्या डेपोत पर्यावरण व्यवस्थापन अधिकारी. दारावरच्या पाटीत एवढं लांबलचक नाव मावेना, म्हणून पेंटरनं नुसतं 'पर्यावरण' लिहून हात झटकलेत. आता कोणीही दार वाजवावं आणि पर्यावरणाला भेटून जावं. मला दिवसभर हसू येत होतं.

दाजी, म्हणजे ताईचा नवरा, याच डेपोत बस चालवतात. जागा निघाल्याचं त्यांनीच कळवलं आणि दुसरं घर मिळेपर्यंत राहा म्हणून त्यांच्या दोन खोल्यांतली कपाटामागची पट्टीही मला मोकळी करून दिली. पट्टी म्हणजे एक गादी, एक खुंटी आणि माझ्या भाचीच्या खेळण्यांची पेटी. भाची पाच वर्षांची, नाव काहीही असलं तरी सगळे चिमीच म्हणतात. मावशी आता आपलीच, असं तिनं जाहीर करून टाकलंय. दाजींनी मात्र सकाळी सगळ्या ड्रायव्हरांसमोर 'या आमच्या कचरेवाल्या बाई' अशी ओळख करून दिली. या माणसाला एकदा धडा शिकवायचाय.

डेपो पाहून मी चाटच पडले. चार वर्षं मी कारखान्यांना सल्ले देत फिरले, जाईन तिथे तोच गलिच्छ कारभार. इथे जुन्या तेलाची पिंपं लोखंडी ट्रेवर ओळीनं उभी, प्रत्येकावर तारीख. डिझेल भरायच्या जागी जमिनीवर एक डाग नाही. बस धुतलेलं पाणी गाळून पुन्हा धुण्यालाच वापरतात. घातक कचऱ्याची पिवळी पिंपं कुलपात असतात आणि दर गुरुवारी कचरा जाळायच्या भट्टीची गाडी येऊन ती घेऊन जाते. हे सगळं फोरमननी स्वतः फिरवून दाखवलं. साठीला टेकलेले, बुटके, बोलायला गोड, खिशात तीन रंगांची पेनं. माझ्या आधी सहा वर्षं ही व्यवस्था त्यांनी एकहाती सांभाळली, तीही तीन दिवसांच्या एका प्रशिक्षणाच्या जोरावर. त्या प्रशिक्षणातली वही त्यांनी कव्हर घालून जपून ठेवलीये.

दुपारी कागदांवर सह्या केल्या. चौदा कागद होते. वाचल्याशिवाय सही करू नका असं मी जगाला सांगत फिरते, पण पाचव्या कागदानंतर मलाच जांभया यायला लागल्या. उरलेल्यांवर डोळे मिटून सही ठोकली.

मंगळवार, ५ तारीख

सगळा डेपो रंगवलेला, फक्त वर्कशॉपची मागची भिंत काळी. मी विचारलं तेव्हा फोरमन मला भिंतीपाशी घेऊन गेले. मग म्हणाले की सहा वर्षांपूर्वी इथे डिझेल गळून आग लागली, शटर अडकलं आणि एकोणीस माणसं आतच राहिली. दाजींचा मोठा भाऊ त्यांतलाच. तो अपघातात गेला एवढंच मला ठाऊक होतं, या भिंतीपाशी गेला हे नव्हतं. चौकशीचा अहवाल दोनशे पानांचा झाला आणि शेवटी एकच ओळ: कारण निश्चित करता आले नाही. ती ओळ म्हणताना फोरमननी चष्मा काढून पुसला. त्या दिवशी उरलेल्या सगळ्यांनी ठरवलं म्हणे, की या डेपोत यापुढे कारण सापडल्याशिवाय एकही कागद बंद करायचा नाही. मला भरून आलं. एवढ्या मनापासून काम करणारी माणसं मी पाहिलेली नाहीत.

बुधवार, ६ तारीख

आज त्रुटीपत्रकांची फाइल वाचली. पद्धत नेहमीचीच. काही चुकलेलं दिसलं की पत्रक उघडायचं, पाच वेळा 'का' विचारायचं, पाचव्या उत्तराला जे हाती लागेल ते मूळ कारण. ते दूर करायचं, खरंच दूर झालं का ते तपासायचं आणि सह्या करून पत्रक बंद. मीही हेच शिकवत आले.

इथली तऱ्हा मात्र वेगळी. सहा वर्षांत अकरा पत्रकं, प्रत्येक आठ दिवसांच्या आत बंद. आणि कारणाच्या रकान्यात प्रत्येक वेळी एक माणूस. 'पंपावरचा, दुसरी पाळी.' 'टायरवाला.' उपायाच्या रकान्यात अकराही वेळा तेच तीन शब्द: कारण दूर केले. खाली सोळा-सोळा सह्या. दाजींची सही सातवी असते, त्यांच्या त्या गिरकीवरून ओळखली.

फोरमनना मी गोडीगुलाबीनं सांगून पाहिलं की कारण म्हणून माणूस लिहीत नाहीत, पद्धत लिहितात, यंत्र लिहितात. ते हसून म्हणाले, मॅडम, यंत्र काय स्वतःहून नळ उघडा टाकतं? खालपर्यंत विचारत गेलं की शेवटी माणूसच उभा असतो. मला वाटलं, बदली करत असतील बिचाऱ्यांची. आल्या आल्या शहाणपणा नको म्हणून मी विषय सोडला.

शुक्रवार, ८ तारीख

माझी पहिली त्रुटी सापडली! पावसाचं पाणी वाहून जायच्या गटारात लिटमसची पट्टी बुडवली तर लालभडक. माग काढत बॅटरी खोलीपर्यंत पोचले. तिथला बॅटरीवाला हसऱ्या तोंडाचा, हातांवर ॲसिडचे जुने पांढरे ठिपके. त्यानं लपवालपवी केली नाही. ॲसिडचं पाणी चुन्याच्या टाकीत जायला हवं, पण तिथला पंप तीन दिवस बंद. मग टाकू कुठे, डोक्यावर? असं म्हणून त्यानं मलाच चहा पाजला.

पत्रक भरताना मी कारणात 'पंप' लिहिणार होते. पण फाइलमध्ये अकराही ठिकाणी माणसाचा हुद्दा. वीस तारखेला बाहेरचे ऑडिटर येणार आहेत आणि त्यांना एकसारखी फाइल आवडते. म्हणून 'बॅटरीवाला' लिहिलं आणि पत्रक फोरमनच्या ट्रेमध्ये टाकलं. फार तर दोन शब्द ऐकून घेईल.

शनिवार, ९ तारीख

बॅटरी खोलीला कुलूप लागलंय. पत्रक उघडं असेपर्यंत माणसाला कामावरून बाजूला बसवायचं, असा इथला नियम. बॅटरीवाला विश्रांतीच्या खोलीत बाकावर बसला होता. मी खिडकीतून हात केला. तो उठून उभा राहिला, पण हसला नाही. एका साध्या पत्रकाचं एवढं मनाला लावून घ्यावं का माणसानं?

सोमवार, ११ तारीख

दाजींनी आज कहर केला. सकाळी मी आंघोळीला गेले आणि त्यांनी बाहेरून आरोळी ठोकली, की पर्यावरण अधिकारी पाणी वाया घालवतायत; वर ताईला म्हणे, लिहून घे गं. चिमी हसून लोळली. शेजाऱ्यांनीही ऐकलं.

तेव्हा मीही डाव साधला. साडेनऊला दाजींची बस आवारात उभी, इंजिन चालू, धूर चाललाय आणि स्वारी आरामात चहा पितेय. घड्याळ लावून बसले. बावीस मिनिटं! इंधन फुकट, धूर फुकट. ताबडतोब पत्रक उघडलं. कारण: चालक. पुढे त्यांचा बसक्रमांकसुद्धा घातला. उद्या फोरमन सगळ्यांसमोर कान उपटतील तेव्हा दाजींचं तोंड बघायचंय. आज जेवताना त्यांना काहीच सांगितलं नाही, नुसती गालात हसत होते.

मंगळवार, १२ तारीख

क्रमानं लिहिते. नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

सकाळी अकराला बोलावणं आलं. बॅटरीवाल्याचं पत्रक बंद करायचंय, तपासायला अधिकारी लागतो. वर्कशॉपचं शटर अर्धं खाली ओढलेलं. एक बस चार जॅकवर उचललेली. सोळा माणसं गोलात उभी, दाजीही त्यांत. मागच्या चाकांखाली बॅटरीवाला उताणा पडला होता. मला वाटलं काही दुरुस्ती करतोय.

फोरमननी माझं पत्रक मोठ्यानं वाचलं. मग विचारलं, का? तो खालून उत्तर देत होता. पंप बंद होता म्हणाला. पुन्हा का. तिसऱ्याला तो रडायला लागला. पाचव्याला म्हणाला की मीच टाकलं, माझंच चुकलं, आणि कोपरांवर सरपटत बाहेर यायला लागला. दोघं जण त्याच्या नडग्यांवर बसले. फोरमननी मान हलवली. जॅकचं हँडल दाजींच्या हातात होतं.

बस एकदम पडत नाही. जॅक सावकाश उतरतो, माणसांना इजा होऊ नये म्हणून तो तसा बनवलेला असतो. टायर आधी छातीवर टेकला. मग टायर जरासा चपटा झाला. मग बरगड्या मोडल्याचा आवाज आला, एकीमागून एक, मला मोजता आल्या असत्या. तो ओरडत होता, मग ओरडण्यात पाणी भरल्यासारखं झालं आणि नाकातोंडातून रक्त उसळून टायरवर आलं. त्यानंतरही त्याच्या टाचा किती तरी वेळ जमिनीवर घासत होत्या. एक बूट निघून गेला.

मी ओकले. कोणीतरी रक्तावर भुसा टाकला, माझ्या ओकारीवरही टाकला. तेल सांडल्यावर करतात तसंच, तीच फावडी, तेच हातमोजे. सगळं पिवळ्या पिंपांत भरलं, वजन केलं, चिठ्ठी लावली. घातक कचरा, ७४ किलो. परवा गुरुवार आहे. भट्टीची गाडी येईल.

पेन माझ्या हातात कोणी दिलं ते आठवत नाही. सही माझीच आहे. हिरव्या शाईत.

दाजींचं पत्रक त्याच ट्रेमध्ये पडलंय.

बुधवार, १३ तारीख

सकाळी सहालाच फोरमनच्या टेबलासमोर उभी राहिले. पत्रक परत द्या, ती थट्टा होती, तो माझा मेहुणा आहे. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, नोंद फाडता येत नाही मॅडम, तुम्हीच लोकांना शिकवता ना? कारण दुसरं निघालं तर लिहिणाऱ्यानं खोडून दुरुस्ती करायची, एका रेघेनं, खालचं वाचता येईल असं. दुरुस्ती फोल ठरली तर मूळ नोंद कायम. मुदत आठ दिवस. एकोणीस तारीख.

मी पोलिसांचं नाव काढलं. ते जरासुद्धा चिडले नाहीत. बोलवा म्हणाले, मी चहा सांगतो. मग बॅटरीवाल्याचा राजीनामा दाखवला, त्याच्या सहीचा, कालच्या तारखेचा. सही नोकरीला लागतानाच घेतात, तारीख मागून भरतात. माझ्या चौदा कागदांत नववा तोच होता. आणि त्या पत्रकात कारण कोणाच्या अक्षरात लिहिलंय, मॅडम?

मुख्य कार्यालयात गेले. आमच्या विभागाच्या साहेबांना सगळं सांगितलं, रडत रडत. त्यांनी शांतपणे ऐकलं. सगळ्या डेपोंत हाच एक डेपो असा आहे म्हणाले, जिथे सहा वर्षांत चूक दुसऱ्यांदा झालेली नाही. मग माझ्यादेखत फोन उचलून फोरमनना म्हणाले, तुमच्या नव्या बाई जरा घाबरल्यायत, सांभाळून घ्या.

ताईला सांगितलं. ती माझ्या कपाळाला हात लावून ताप बघायला लागली. दाजी मुंगी मारणार नाहीत म्हणाली. आत दाजी ऐकत होते. ती शेजारी गेल्यावर ते माझ्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, माणूस कशाला लिहिलास? पंप लिहायचा होतास. आम्ही नुसतं लिहिलेलं पाळतो.

मी त्यांना त्यांच्या पत्रकाचं सांगितलं. पाय धरले. आजच ताईला, चिमीला घेऊन निघा म्हटलं. त्यांनी आपली काळी पडलेली नखं माझ्यासमोर धरली. अकरा वेळा हँडल दाबलंय म्हणाले, काल बाराव्यांदा. आता माझी पाळी आली म्हणून मी पळालो तर त्या बारा जणांना मी काय म्हणून मारलं?

गुरुवार, १४ तारीख

पिंपं गेली. गाडीवाल्यानं पावती दिली.

दुरुस्ती हाच एक मार्ग आहे. दिवसभर तेच करत बसले. बस चालू का ठेवली? बंद केली असती तर पुन्हा सुरू झाली नसती. का? बॅटरी उतरली होती. का? शनिवारपासून बॅटरी खोलीला कुलूप, चार्जिंगच झालं नाही. कुलूप का? बॅटरीवाल्याचं पत्रक उघडं होतं. ते त्याच्या नावानं का उघडलं?

इथे माझा हात थांबला. कारण पाचवं उत्तर मला माहीत आहे. पंपाच्या जागी माणूस मी लिहिला.

मी भित्री आहे. हे इथे लिहून ठेवते, निदान इथे तरी खोटं नको. मी चौथं उत्तर बदललं. पंप बंद होता, कारण स्टोअरकीपरनं त्याचं रबरी सील तीन महिने दिलं नाही आणि शेवटी तो बंद पडला. हे खरंच आहे. तो जाडा, खेकसणारा माणूस, कोणालाही न आवडणारा. पाचवा रकाना कोरा सोडला. लिहिण्याआधी मी चौकशी केली की त्याच्या घरी कोण कोण आहे. फक्त म्हातारी आई, असं कळलं. मग लिहिलं.

शुक्रवार, १५ तारीख

दाजींच्या नावावर एक सरळ रेघ. फोरमननी कोऱ्या रकान्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पत्रक ट्रेमध्ये ठेवलं.

दाजी वाचले. आज पोटभर जेवले मी. चिमीला पाठीवर घेऊन घोडा घोडा खेळले. स्वतःची एवढी किळस कधी आली नव्हती.

शनिवार, १६ तारीख

स्टोअरकीपर बाकावर बसलाय. गेटवर त्याची आई डबा घेऊन आली होती. वॉचमननं डबा घेतला आणि तिला परत पाठवलं. तिनं मला विचारलं की पोरगा काल घरी का नाही आला. मी म्हटलं, ऑडिट आहे.

दाजी माझ्याशी बोलत नाहीत.

सोमवार, १८ तारीख

डाव्या हातानं लिहितेय. उजवा गेला.

स्टोअरकीपर बॅटरीवाल्यासारखा निजला नाही. त्यानं पाना उचलला. एकाचा जबडा फुटला, दात माझ्या पायाशी येऊन पडले. मग तो स्टोअरकडे पळाला आणि टायर काढायच्या टॉम्या घेऊन सगळे मागे धावले. स्टोअरच्या काउंटरवरच गाठलं. पहिला घाव कानावर. तो माझ्याकडे बघून म्हणत होता की सील आलंच नव्हतं, वरून आलंच नव्हतं —

मी त्याच्या डोक्यावर हात आडवा घातला. टॉमी हातावर आली. बोटं काउंटरवर सपाट झाली. मग हात बाजूला केला कोणीतरी आणि पुढचे घाव त्याच्या डोक्यावर. कवटी आत गेली. एक डोळा बाहेर. तरी मारतच होते.

फोरमन चिडले. आधी पत्रक वाचायचं, मग उपाय. क्रम चुकला. म्हणून त्यांनी मेलेल्यासमोर पत्रक वाचलं. का? का? उत्तरं स्वतःच दिली. पाचव्याला थांबले. कोरं.

मग तपासणी. सगळे दाजींच्या बसपाशी. इंजिन बंद करून किल्ली फिरवली. सुरू झाली नाही. होणार कशी, बॅटरी चार्ज करणारा माणूसच उरला नाही.

परिणाम शून्य. दुरुस्ती फोल. मूळ नोंद कायम.

९१ किलो.

सोमवार, रात्री

दाजी उद्याचा गणवेश इस्त्री करतायत. ताई म्हणतेय, ऑडिटसाठी किती तयारी. हात मशीनमध्ये सापडला असं तिला सांगितलंय. बोटं काळी पडलीत. ठणका डोक्यापर्यंत.

मी खून केले. दोन. आणि उद्या तिसरा, या घरातला.

मंगळवार, १९ तारीख

दाजींनी बुटांना पॉलिश केलं. चिमीचा मुका घेतला. पुन्हा घेतला. ताईनं घड्याळ दाखवलं.

मी पुढे निघाले. धावत. फोरमन आले तेव्हा पत्रक त्यांच्या टेबलावर होतं. पाचवा रकाना भरलेला, वेडंवाकडं अक्षर. पर्यावरण अधिकारी. दाजींच्या नावावर पुन्हा रेघ.

त्यांनी वाचलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी. सहा वर्षांत पहिल्यांदा कोणी आपणहून मुळापर्यंत गेलं म्हणाले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. खरंच प्रेमानं ठेवला.

विचारलं की दाजी सुटले ना. सुटले म्हणाले. कारण एकच असतं.

मंगळवार, विश्रांतीची खोली

वही राहू दिली. बाहेरून कडी.

साडेदहा. शटर ओढल्याचा आवाज. जॅक लावतायत.

भीती वाटते. फार. वाटलं होतं, लिहून टाकलं की सुटेन. जॅक किती सावकाश उतरतो ते मला माहीत आहे.

चिमी मोठी होईल. दाजी तिला शाळेत सोडतील. एवढंच धरून —

थांब.

मी माणूस का लिहिला? फाइलमध्ये माणूसच होता म्हणून. ती फाइल कोणी घडवली? हा सहावा 'का' आहे. कोणीच विचारला नाही. फोरमनच्या प्रशिक्षणाच्या वहीत पाचच लिहिलेत म्हणून पाचवर थांबले, सहा वर्षं, प्रत्येक वेळी —

सहावा विचारला की फोरमन. आणि मी संपले तरी हे चालूच राहील, बस उद्याही सुरू होणार नाही, पत्रक पुन्हा उघडेल आणि मूळ नोंद — मूळ नोंद दाजींची —

मी त्यांना वाचवलंच नाही.

लिहिलं पाहिजे. पत्रकासारखं. ते लिहिलेलं पाळतात. रेघा मारल्या. अक्षर लागत नाही. का ६: माणूस लिहायची रीत. कारण: फोर

पावलं. पुष्कळ.

कडी. दाजीच पुढे आहेत. हातमोजे घातलेत त्यांनी. नजर वर करत नाहीत. दाजी, मारा, पण आधी हे वाचा, तुमच्यासाठी आहे, उद्या तुम्ही, दाजी, एकच ओळ, चिमीची शप्पथ, हे पा